मशीनवर शिंपडलेलं पाणी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सरलाबाई सुनेच्या, योगिताच्या, शिलाई मशीनवरचा सुकलेला झेंडू काढायला गेल्या, आणि बोटांतून काहीतरी थेट कोपरापर्यंत सरसरत चढलं. हात आपोआप मागे आला. त्या मागच्या मागे पलंगावर बसल्या. 

मशीनचा छोटा दिवा जळत होता. पूजेत दिवा लागलेला बरा दिसतो, म्हणून काल मुलाने, ललितने, हौसेने बटण दाबलं होतं. ते तसंच राहिलं होतं. सरलाबाईंनी पदर हाताला गुंडाळला, डोळे मिटले आणि प्लग ओढून काढला.

मग त्यांना कालची पूजा आठवली.

दसऱ्याला हत्यारांची पूजा करायची, हे त्यांच्या घरात अमळनेरला असल्यापासूनचं. गुजराती मुलखात, उधन्याला आल्यावरही सोडलं नव्हतं. ललितच्या मिलमध्ये मागाला हार चढायचा, घरात शिलाई मशीनला. जुन्या काळ्या पायमशीनला त्या आंघोळच घालत म्हणा ना: ओल्या फडक्याने पुसायचं, हळद-कुंकू लावायचं, कलशातलं पाणी विड्याच्या पानाने शिंपडायचं, वर तेलाचे थेंब सोडायचे. ते लोखंड होतं, त्याला पाण्याचं काय? यंदा ते मोडीत गेलं आणि त्याच्या जागी योगिताचं नवं विजेवरचं, बटणांचं 'वेलश्री' आलं. मान मात्र तोच द्यायचा, म्हणून सरलाबाईंनी पान कलशात चांगलं बुडवून शिंपडलं. वरच्या बाजूला रिळाच्या दांडीजवळ एक फट होती. पाणी तिथे साचलं आणि आत गेलं. त्यांनी ते पाहिलं होतं. देवाचं पाणी, आपलं आपण सुकेल, असं मनात म्हणून त्या आरतीकडे वळल्या होत्या.

योगिता माहेरी गेली होती. उद्या संध्याकाळच्या गाडीने यायची होती आणि आल्या आल्या मशीनवर बसणार होती, कारण दिवाळीच्या ब्लाउजांचं कापड कोपऱ्यात चळतीने पडलं होतं. तिला पाचवा महिना होता. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा दिवस राहिले होते. त्यासाठी सरलाबाईंनी सोमवार धरले, मीठ सोडलं, रोज पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय पाण्याचा घोट घेतला नाही. आणि त्याच हातांनी मशीनच्या पोटात पाणी सोडलं होतं.

ललित पाळीवर गेला होता. त्याला फोन लावावा, असं दोनदा मनात आलं. पण तो काय म्हणेल ते त्यांना ऐकू येत होतं. "माय, तुले सांगेल होतं ना, त्या मशीनला हात नको लावू?" ओरडला असता तरी चाललं असतं. पण तो ओरडत नसे; कपाळाला हात लावून गप्प बसे, आणि ते सोसवत नसे.

सरलाबाई आधी धुडकूकडे गेल्या. धुडकू जिन्याखाली बसून पायमशीनं दुरुस्त करायचा, गावाकडचाच. घरी येऊन त्याने मशीन चारी बाजूंनी पाहिलं आणि हात मागे बांधले.

"सरलाबाई, हे आपलं काम नाही."

"उघडून तरी बघ रे, भाऊ."

"उघडू कुठून? स्क्रू दिसतोय का एक तरी? आत विजेची पाटी असते, तिला डॉक्टर वेगळा. माझ्याकडे तेल आणि हातोडी. तेल चालत नाही, आणि हातोडी तुम्ही मारू देणार नाही."

एरवी त्या हसल्या असत्या. धुडकूने मशीन फडक्यात बांधून रिक्षात ठेवून दिलं तेवढं.

जिथून मशीन घेतलं होतं त्या दुकानावर आता दुसऱ्याच कंपनीचा फलक होता. आतला शेठ मान वर न करता म्हणाला, "वेलश्रीची डीलरशिप अमे छोडी दीधी, बा. कतारगाम जाव." कतारगामला जायला पुन्हा रिक्षा. मशीन मांडीवर घेऊन बसताना त्यांना वाटत होतं, आत्ता चावेल. प्लग त्यांच्याच पिशवीत होता, तरी वाटत होतं.

कतारगामच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चष्मा लावलेला कारागीर होता. बोलायला बरा होता.

"शुं थयुं, बा? चालत नाही?"

"चालतं. पण... जरा बघा."

"गॅरंटीत आहे ना? बिल आहे?" त्याने बिल पाहिलं, मशीन उलटं करून पाहिलं, आणि मग विचारलं, "पाणी तो नथी पड्युं ने? पाणी गेलं असेल तर कंपनी हात लावत नाही. आतली पाटी दिल्लीहून येते, कधी येईल ते मला विचारू नका."

सरलाबाईंनी वळून पाहिलं. मागे दोन बाया नंबर लावून उभ्या होत्या. भिंतीवर देवीचा फोटो होता, ताजा हार घातलेला.

"नाही," त्या म्हणाल्या. "पाणी नाही गेलं."

आयुष्यात खोटं त्या बोलल्या नव्हत्या असं नाही, पण देवीच्या समोर, इतक्या सहज, कधी नाही. आणि एकदा पाणी गेलं नाही म्हटल्यावर करंट लागतो हेही सांगता येईना. का लागतो, म्हणून त्याने विचारलं असतं.

कारागिराने मशीन लावलं, चिंधीवर सरळ टाके घातले, नागमोडी घातले. त्याच्या पायात बूट होते आणि टेबलाखाली जाड रबराची चटई. सरलाबाईंची नजर त्या चटईवरून हलत नव्हती.

"कशुं नथी, बा. टनाटन छे. घरी जाऊन आराम करा."

घरी येऊन त्यांनी मशीन टेबलावर ठेवलं आणि वर चादर घातली. ललित आला की आधी त्यालाच सांगायचं, ठरलं. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ होता. त्या पोथी घेऊन बसल्या, पण ओळ पुढे सरकेना. प्रत्येक ओळीत ते "नाही" आडवं येत होतं. पोथी मिटून त्या खालच्या नळावर पाणी भरायला गेल्या.

हंडा घेऊन वर आल्या तर दारात योगिताच्या चपला.

"आई, भावाला कामरेजला जायचं होतं, त्याच्या गाडीत आजच आले," आतून योगिताचा आवाज. "हातपाय धुतले, म्हटलं एक ब्लाउज तरी लावावं. तुम्ही काय सुंदर पुसलंय हो मशीन!"

चादर बाजूला पडली होती. प्लग बोर्डात होता. योगिताचे पाय ओले, फरशीवर पाण्याचे ठसे, आणि एक हात मशीनच्या चाकाकडे निघालेला.

 सरलाबाईंच्या हातातून हंडा सुटला, पाणी दारभर झालं. आणि मग त्या ओरडल्या, अशा ओरडल्या की समोरच्या खोलीतली मालतीबाई लाटणं घेऊनच बाहेर आली.

"योगिता! हात काढ! हात नको लावू!"

योगिताने हात छातीशी घेतला. सरलाबाई पाण्यातून न जाता दाराशीच थांबल्या आणि तिथूनच तिला म्हणाल्या, "उठ. पलंगावर पाय वर घेऊन बस. आधी बस."

"अगं बाई," मालतीबाई म्हणाली, "इतक्या वर्षांत आज ऐकला सरलाबाईंचा आवाज. मला वाटलं पाल पडली."

"हंडा पडला," योगिता म्हणाली. मालतीबाई लाटणं हलवत परत गेली.

मग सरलाबाईंनी सगळं सांगितलं. पान, कलश, फट, धुडकू, कतारगाम, आणि ते "नाही"सुद्धा. सांगताना त्या सुनेकडे बघत नव्हत्या. योगिता पलंगावर पाय पोटाशी घेऊन ऐकत होती.  मग म्हणाली, "फळीवर ह्यांचा टेस्टर आहे. चपला घालून लावून बघा. कोरड्या जागेवर उभ्या राहा. मागच्या टोकाला अंगठा ठेवायचा, त्याने काही होत नाही."

सरलाबाईंनी लावला. टोक दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा सुईच्या स्क्रूला टेकलं आणि टेस्टरच्या आतला इवलासा दिवा तांबडा झाला.

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"बंद करा," योगिता हळूच म्हणाली. प्लग काढून झाल्यावर तिचा चेहरा बदलला होता. राग नव्हता तो. "आई, पाण्यानेच झालं असं नाही. आधीपण चावायचं. थोडं थोडं. मी जायच्या आधीपासून. मी चपला घालून बसायचे."

"अगं, मग सांगायचं ना!"

"कुणाला? त्यांना सांगितलं असतं तर मशीनच परत करा म्हणाले असते. मुश्किलीने मिळालंय. म्हटलं दिवाळी होऊ दे."

सरलाबाईंना वाटलं होतं, खरं सांगितलं की भीती उतरेल. ती उतरली नाही, वाढली. आता एका दिवसाची नव्हती ती. किती दिवस ही पोर त्या मशीनवर बसली, पोटात जीव घेऊन, आणि आपण शेजारच्या भिंतीला टेकून मोठ्याने अध्याय वाचत होतो, तिला बरं वाटावं म्हणून.

"हलतंय का?" त्यांनी विचारलं.

"गाडीत हलत होतं. आता कळत नाही."

सरलाबाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला. योगिताने डोळे मिटले. बाहेर कुणाची तरी शिट्टी वाजली, खाली भाजीवाल्याने हाक दिली. दोघी श्वास धरून होत्या. मग योगिताच म्हणाली, "हललं. आत्ता." सरलाबाईंना हाताला काही लागलं नव्हतं. त्यांनी ते सांगितलं नाही, पण हातही उचलला नाही.

"उद्या आधी दवाखाना," योगिता म्हणाली.

"मग कतारगाम. मी सांगेन त्याला, पाणी मी घातलं."

"आणि मी सांगेन, आधीपासून चावत होतं. मग लढू दे त्याला कंपनीशी."

"नाही घेतलं दुरुस्तीला तर?"

 योगिताने उठून कापडाची कात्री आणली, जिने ती कधी कुणाला कागदसुद्धा कापू देत नसे. सासूच्या हातात दिली. मशीनची वायर, प्लगपासून वीतभर अंतरावर, तिने दोन्ही हातांनी ताणून धरली.

"कापा. नाहीतर रात्री हे येऊन चालू करून बघतील."

"अगं, कापलेली वायर बघून तो कतारगामचा कारागीर काय म्हणेल?"

"वायर कुठेही मिळते, आई. या मशीनचा तेवढाच एक भाग आहे, जो कुठल्याही दुकानात मिळतो."

सरलाबाईंनी प्लग बोर्डात नाही ना, हे पुन्हा वळून पाहिलं. मग आणखी एकदा पाहिलं. आणि कात्री दाबली.