राष्ट्रीय खेळ

मला एक रोग हाय. उत्तर येत असलं की ते माझ्या पोटात राहत नाय. डॉक्टरकडे जाऊन उपयोग नाय, कारण डॉक्टरचीच चूक मी दोनदा काढलीय.

मी काळुराम. जोहे गावात गणपतीच्या कारखान्यात मूर्ती पॅक करतो. गुंडाळायला रद्दी येते, ती मी आधी वाचतो, मग गुंडाळतो. शेठ बोंबलतो, "काळुराम, गणपतीला पेपर वाचून दाखवतोस काय रे?" बोंबलू दे. दहावी नापास माणसाला एवढं ज्ञान फुकटात दुसरं कोण देणार? मेव्हण्याच्या साखरपुड्यात नवरीचा मामा म्हणाला, माणूस चंद्रावर सत्तर साली उतरला. मी पंगतीतून ओरडलो, "एकोणसत्तर!" मामा ताटावरून उठला. लग्न झालं कसंबसं, पण सासरवाडीत माझ्याशी अजून कोणी धड बोलत नाय. आता साल काय मी ठरवलं होतं?

आमची किमया दहावीला हाय. डोकं माझ्यावर गेलंय, तोंड नशिबाने नाय गेलं. रात्री जेवताना मी रद्दीतलं सांगायचो, ती एकदा ऐकायची की पाठ. सामान्य ज्ञानाच्या स्पर्धेत ती पेण तालुक्यात पहिली आली आणि अंतिम फेरीला आम्ही रोह्याला निघालो. पहिलं बक्षीस काय, तर पेणच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावी सायन्स, दोन वर्षं फुकट. तो क्लास आम्हाला झेपणारा नव्हता. पोरगी क्लास पायजे असं कधी बोलली नाय, म्हणून मला जास्त लागायचं.

एसटीत बायकोने, नम्रताने, माझ्या हातावर सुपारी ठेवली. "ही तोंडात धरा. गिळायची नाय, थुंकायची नाय."

"का गो?"

"पत्रक वाचलंत ना? घरच्या माणसाने बसल्या जागेवरून बरोबर उत्तर सांगितलं तर ते मूल बाद. तुम्हाला बघूनच लिहिलंय मेल्यांनी."

शपथेवर सांगतो, स्पर्धेच्या हॉलात मी दीड तास सुपारी धरून बसलो. सूर्याचा उजेड पृथ्वीवर यायला किती वेळ लागतो, रायगड जिल्ह्याचं जुनं नाव काय, उलटा वाचला तरी तोच राहणारा पाच अक्षरी शब्द सांगा. सव्वाआठ मिनिटं, कुलाबा, नवजीवन! सगळं आतल्या आत. बायकोने माझं मनगट पकडलं होतं.

शेवटी दोघंच उरली, किमया आणि अष्टमीचा साईराज. गुण सारखे. प्रश्न विचारणारे गोविंदा गुरुजी, रिटायर हेडमास्तर, कार्ड बघून म्हणाले, "आता एकच प्रश्न. आधी घंटी वाजवेल त्याने उत्तर द्यायचं. भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?"

लोक हसले. एवढा सोपा प्रश्न! किमयाने घंटी मारली. आणि गप्प. नुसती माइककडे बघत उभी. अगो बोल ना! हेच तर मी तुला सांगितलंय, पेपरात आलं होतं, सरकारनेच कळवलंय की कुठलाच खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाय. विसरली काय पोर? एक सेकंद, दोन सेकंद...

"कोणताच नाय!" सुपारी पुढच्या बाईच्या अंबाड्यात गेली.

सगळा हॉल माझ्याकडे वळला. किमयाने माइक जवळ घेतला आणि म्हणाली, "हॉकी."

"बरोबर!" गुरुजी म्हणाले. टाळ्या पडल्या. बायको मला चिमटा काढता काढता रडायला लागली.

तेवढ्यात साईराजचा बाप उठला. निलेश, कंपनीत सुपरवायझर. "गुरुजी, हरकत हाय. हा माणूस ओरडला."

"पण चुकीचं ओरडला ना? त्याची मदत कसली व्हायची?"

"चुकीचं नाय!" निलेशने मोबाइल वर धरला. "हे बघा. राष्ट्रीय खेळ जाहीरच झालेला नाय. हा बरोबर बोलला. म्हणजे नियमाने मुलगी बाद."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी चारशे माणसांसमोर म्हणालं, काळुराम बरोबर बोलला. आणि तेही कोण, तर हा!

गुरुजींनी कार्ड उलटंपालटं केलं. "मोबाइलवर काय वाट्टेल ते असतं. अहो, तुम्हीच या इथे. तुमच्या उत्तराला काय आधार? खात्रीने सांगत असाल तर मी कार्ड बाजूला ठेवतो."

माइक माझ्या हातात. पेपर कुठला, बातमी कितव्या पानावर, सगळं डोळ्यांसमोर होतं. अशी संधी मी जन्मभर शोधत होतो. किमया माझ्याकडे बघत नव्हती, टेबलाकडे बघत होती.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "हॉकीच. मी दहावी नापास माणूस, रद्दी वाचतो. मला काय कळतंय?"

काय हसले लोक! गुरुजींनी पाठीवर थाप मारली, वर सल्ला दिला की चांगली पुस्तकं वाचत जा. मी म्हणालो, व्हय गुरुजी. जीभ तोडून टाकावीशी वाटली.

परतीच्या एसटीत किमया खिडकीशी बसली, मांडीवर पहिल्या नंबरची ढाल. नागोठणं गेलं तरी मला राहवेना.

"किमे, विसरलीस काय गो? मी सांगितलं होतं ना तुला?"

"नाय विसरले."

"मग?"

"बाबा, सगळे प्रश्न स्पर्धावाल्यांच्या गाइडातले होते. गाइडात हॉकी छापलंय. बरोबर तुमचंच होतं."

मला रागवावं की शाबासकी द्यावी, कळेना. एवढंच विचारलं, "मग घंटी मारून थांबलीस कशाला?"

ती खिडकीबाहेरच बघत राहिली. "तुम्ही समोर बसलेलात ना. तुमच्यासमोर खोटं बोलायला जमेना पटकन."