बाबांचं नाक

"पण ज्योत कुठंय?" बाबांनी पुन्हा विचारलं.

"ज्योत नसतेच काका यात," दुकानातला टायवाला म्हणाला. त्याच्या टायवर दुकानाचं नाव होतं आणि त्या नावावर कसलासा डाग. "हे इन्फ्रारेड. गॅस ही भोकाभोकांची तबकडी तापवतो आणि तबकडी अन्न भाजते. भडका नाही, धूर नाही. अगदी उन्हासारखं. आता ऊन दिसतं का तुम्हाला? पण लागतं की नाही?"

"ऊन दिसतं की," बाबा म्हणाले.

माझा नवरा खो खो हसला. टायवाल्याने कसंनुसं हसून टाय सरळ केला.

ग्रिल घ्यायचं खूळ नवऱ्याचं. आमच्या बाल्कनीत कोळशाची शेगडी होती, तिच्यावर सुटीच्या दिवशी कणसं, बटाटे, कधी मासे भाजायचो. वरच्या मजल्यावरच्या बाईंचे कपडे नेमके तेव्हाच वाळत असायचे. एकदा त्या धुरकट चादर घेऊन दारात आल्या आणि माझ्या नाकाशी धरून म्हणाल्या, "सांगा, आज काय भाजलंत?" त्या दिवसापासून नवरा मोबाइलवर ग्रिलच बघत होता. मी मात्र एकच बघत होते, की ते बाहेरून किती तापतं. आमची छोटी बालवाडीत आहे, आणि जे जे फिरतं ते फिरवून बघण्याच्या वयात आहे.

"नॉब लहान मुलांना फिरतो का? झाकण आपोआप पडतं का? ही नळी खालून जाते तिथे तिला धार लागणार नाही ना?"

"आता ग्रिलचा जन्मदाखला माग," नवरा म्हणाला.

मी अशीच आहे. पाण्याची टाकी, गॅलरीची कडी, औषधांचं कपाट, सगळं दोनदा बघते, आणि बघितलं की नाही ते आठवत नाही म्हणून परत बघते. फक्त एका गोष्टीकडे मी लग्न होऊन आल्यापासून बघितलेलं नव्हतं. गॅस. गॅस बाबांकडे होता.

बाबा म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी त्यांनी गॅस कंपनीच्या तक्रार विभागात काढली. कुठे गळतीचा संशय आला की त्यांनी जायचं. बाकीचे लोक साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधत, बाबा आधी दारातच उभे राहून हुंगायचे आणि म्हणायचे, "मागच्या खोलीत. खाली, डावीकडे." मग फेस लावायचा तो नुसता पुराव्यासाठी. आमच्या गल्लीत त्यांना अजून नाकवाले काकाच म्हणतात. "काका, जरा हुंगून जाता का?" असा निरोप आला की ते सदऱ्याची बटणं लावून डॉक्टरच्या थाटात निघत. दाराची बेल मात्र त्यांनी जन्मात कधी दाबली नाही. आत गॅस साठला असेल तर बेलची ठिणगी पुरते, म्हणून बोटाच्या पेराने टकटक. आजही स्वतःच्या घरी येताना ते टकटकच करतात. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "नाकाने जग जिंकलं, पण सुनेला बेल ऐकू येते हे काही ह्यांना पटत नाही."

आणि घरातून बाहेर पडताना आम्ही सगळे चपला घालून दारात थांबतो. बाबा स्वयंपाकघरात जातात, शेगडीपाशी वाकतात, मग खाली सिलिंडरपाशी वाकतात, हुंगतात, आणि म्हणतात, "निघा."

तो शब्द ऐकला की माझ्यातलं काहीतरी सैल पडायचं. दिवसभरात तेवढंच.

दुकानामागे एक शेड होती, तिथे ग्रिल पेटवून दाखवत. नवरा पलीकडे एका अवाढव्य यंत्रावरची माहिती वाचण्यात रंगला होता. "नाकापेक्षा मोती जड होईल, आपली बाल्कनी बघ," असं मी ओरडून सांगितलं, त्याने नुसता हात हलवला. टायवाल्याने आमच्यासाठीचं ग्रिल सिलिंडरला जोडलं, नॉब फिरवला, बटण दाबलं. टक्. टक्. "लागलं," तो म्हणाला, आणि झाकण धाडकन खाली केलं. "बघा, वजनदार आहे. आता जरा तापू द्या. मी बटाट्याचे काप आणतो, खाऊनच ठरवा."

बाबा हात पाठीमागे बांधून ग्रिलवर ओणवे झाले. तपासनिसाची तीच जुनी ऐट. छोटी त्यांच्या विजारीला धरून उभी होती. मी तिचे चिकट हात पुसायला रुमाल ओला करून नळावरून परत येत होते.

तेवढ्यात मला वास आला. कुजलेल्या कोबीसारखा, घशात बसणारा.

वास आला, आणि तरी मी चालतच राहिले. मनात स्वच्छ विचार आला, की गॅस नसेल, बाबा तिथे उभे आहेत. माझ्या नाकापेक्षा मी त्यांच्या नाकावर विश्वास ठेवला. मी, जी दुधाची पिशवीसुद्धा तारीख वाचल्याशिवाय फोडत नाही.

टायवाला एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात लांब लायटर घेऊन आला. "गरम लागत नाही अजून? बटणानं पेटलं नसेल मग. लायटरच लावतो." त्याने ताट ठेवलं. झाकण उचललं. आत कोंडलेला वास भपकन बाहेर आला, आणि त्याचं बोट लायटरवर होतं.

"थांबा!"

मी एवढ्याने ओरडले, की लायटर त्याच्या हातातून खालीच पडला. मी छोटीला उचलून मागे पळाले. टायवाल्याने नॉब बंद केला आणि पांढराफटक पडून उभा राहिला. नाकाला मूठ लावून म्हणाला, "बाप रे. सर्दी झालीय हो मला, कळलंच नाही."

बाबा जागचे हलले नव्हते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं गं?"

"गॅस, बाबा! केवढा गॅस!"

"कुठं?"

शेडमध्ये त्या वासाने डोळे चुरचुरत होते. आणि ज्यांनी आयुष्यभर लोकांना 'कुठं' ते सांगितलं, ते मला विचारत होते, कुठं.

छोटीच माझ्या कडेवरून म्हणाली, "आई, आजोबांचं नाक झोपलंय ना. मी सांगितलं होतं तुला."

सांगितलं होतं. त्यांचा एक खेळ होता: ती मुठीत काहीतरी लपवायची, लिंबाची साल, साबणाची वडी, पेन्सिलीचा भुगा, आणि आजोबांनी डोळे मिटून ओळखायचं. पूर्वी ते दर वेळी जिंकायचे आणि ती रडायची. मग ते हरायला लागले. "आजोबांचं नाक झोपलंय," असं ती घरभर नाचत सांगायची आणि आम्ही म्हणायचो, बघा, नातीसाठी कसे मुद्दाम हरतात.

नवरा धावत आला. "बाबा, अहो तुम्ही इथं उभे असून?"

"लक्ष नव्हतं," बाबा म्हणाले.

नवऱ्याला ते पुरलं. त्याचा सगळा राग टायवाल्यावर गेला. झाकण लावून कोणी ग्रिल पेटवतं का, लहान मूल आहे इथं, तुमचा साहेब कुठंय, आणि असंच बरंच. टायवाला नुसता "सॉरी साहेब" म्हणत होता. छोटी टेबलावर बसून बटाट्याचे कच्चे काप मोजू लागली.

बाबा शेडबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मी मागोमाग गेले.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मागच्या थंडीत सर्दी झाली होती बघ. ती गेली. जाताना वास घेऊन गेली."

"परत येईल म्हणून थांबलात?"

"येईल असं वाटलं. रोज सकाळी उठून साबण हुंगायचो. मग ते पण सोडलं."

"बाबा, दुपारी ती एकटी असते तुमच्याजवळ." माझा आवाज चढला होता, आणि तो मला खाली आणता येत नव्हता. "मी ऑफिसात निवांत बसते, ते तुमच्या भरवशावर! निवांत! कळतंय का तुम्हाला?"

"कळतं," ते म्हणाले. "म्हणून तुम्ही गेलात की मी रेग्युलेटर काढून ठेवतो. दुपारी शेगडी पेटवतच नाही. तू झाकून गेलेलं आम्ही गारच खातो."

"गार?"

"ती विचारते, गरम का नाही केलं. मी म्हणतो, आपण सहलीला आलोय." ते थोडं हसले. "सतरंजी टाकतो मग. तिला आवडतं."

संध्याकाळी घरी आल्यावर रेग्युलेटर सुटा असायचा आणि मी रोज चिडून तो बसवायचे. बाबांची नोकरीतली खोड, जात नाही, असं म्हणत. सतरंजीवरची शितं झाडतानाही मी पुटपुटायचे.

"आणि रोज निघताना वाकता ते?"

"नॉब बघतो. एकेक हाताने चाचपून. नळी बघतो. त्यात खोट नाही, पोरी."

"पण हुंगता तुम्ही."

बाबांनी रस्त्याकडे पाहिलं. एक बाई सायकल ढकलत जात होती, ती दिसेनाशी होईपर्यंत ते बघत राहिले.

"तुम्ही सगळे दारात थांबता ना," ते म्हणाले. "माझ्यासाठी. दुसरं काय थांबतं आता माझ्यासाठी?"

मला त्यांचा राग आला होता, तो गेला नव्हता. अजूनही पुरता गेलेला नाही. मी ओल्या रुमालाची घडी घालत बसले.

"त्याला सांगणार?" त्यांनी विचारलं.

"सांगायला हवं, बाबा."

"हवं. मीच सांगतो. जरा धीर गोळा होऊ दे." मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि शेडमध्ये गेले. नवरा अजून टायवाल्याला सुनावत होता. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुरे. घ्यायचं तर आहेच ना? मग डोळ्यांना दिसेल असं घ्या."

"म्हणजे?"

"ज्याची तबकडी झाकलेली नाही. पेटली की लाल झालेली दिसेल. आणि विझली तर गॅस आपोआप तुटेल, असं."

"बाबा, तुम्हाला काय दिसायला हवं? तुमचं नाक आहे की!" नवरा हसून म्हणाला. "नाकवाले काका डोळ्यांवर आले म्हणजे कमाल झाली!"

बाबाही हसले. मी त्या हसण्याकडे बघू शकले नाही.

तसं ग्रिल होतं. कोपऱ्यात, लहानसं, नवऱ्याच्या यादीत नसलेलं. या वेळी झाकण उघडं ठेवून टायवाल्याने ते हात लांब करून पेटवलं. तबकडी आधी काळपट, मग हळूहळू लाल झाली. भर दुपारीही दिसली. बाबांनी मान डोलावली. गॅस सुटला की ओरडणारी एक चपटी डबीही मी मागून घेतली, आणि त्याबद्दल नवऱ्याने एका शब्दानेही थट्टा केली नाही.

घरी ती डबी बाबांनीच स्वयंपाकघराच्या भिंतीला लावली. नवरा ती वर, दिव्याच्या बटणाशेजारी लावायला निघाला होता. "खाली," बाबा म्हणाले. "हा गॅस जड असतो. पाण्यासारखा जमिनीवर पसरतो." त्यांनी मांडी घालून, जीभ दातात धरून, स्क्रू फिरवले. छोटीने तिच्यावरचा हिरवा दिवा कसला म्हणून विचारलं तर म्हणाले, "हे नवीन नाक. हे झोपत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारखे दारात उभे होतो. नवरा बुटांची नाडी बांधत होता, छोटी त्याच्या पाठीवर चढत होती. बाबा आत गेले. मी म्हटलं, "पाण्याची बाटली राहिली," आणि त्यांच्या मागून आत शिरले.

भिंतीवर, घोट्याच्या उंचीवर, हिरवा ठिपका जळत होता. बाबांनी नॉब चाचपले. नळीवरून बोट फिरवलं. मग सिलिंडरपाशी वाकले, डोळे मिटले, आणि नेहमीसारखा लांब श्वास घेतला. तसेच वाकलेले राहून त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी त्यांच्याशेजारी वाकले. श्वास घेतला. तापवलेल्या दुधाचा वास होता, ओट्यावरच्या ओल्या फडक्याचा, बाबांच्या सदऱ्याच्या इस्त्रीचा. आणखी काही नाही. मी मान हलवली.

"झालं का बाबा?" दारातून नवऱ्याची हाक आली. "उशीर होतोय!"

बाबा गुडघ्यावर हात टेकून सरळ झाले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"निघा," ते म्हणाले.