सर्वांत बारीक अक्षरातली गोष्ट

चष्म्याच्या दुकानात माणूस दोनदा खोटं बोलतो. एकदा वय सांगताना, आणि एकदा "दिसतंय, दिसतंय" म्हणताना. पहिलं खोटं थोरलीच्या वाट्याला यायचं, कारण पुढचं काउंटर आणि फ्रेमा तिच्याकडे. दुसरं धाकटीच्या, कारण पार्टिशनमागच्या खोलीत डोळे ती तपासायची. दोघी बहिणींनी दुकान चालवायला घेतल्यापासून ही वाटणी होती आणि त्यावरून कधी भांडण झालं नव्हतं. भांडायला बाकीचे विषय भरपूर होते.

जवळचं दिसतं का हे बघण्यासाठी प्रत्येकाच्या हातात एक कार्ड द्यावं लागतं. वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत जाणारी. कंपनीच्या कार्डावर बागेतल्या स्वच्छतेबद्दल पाच परिच्छेद होते. ते दिवसातून तीसदा ऐकून धाकटीला बागेचाच तिटकारा आला. चार वर्षांपूर्वी तिने स्वतःचं कार्ड छापून घेतलं. अक्षरांची मापं तीच, मजकूर तिचा. एक यान परक्या ग्रहावर उतरतं. तिथे दोन सूर्य आहेत आणि दोन्ही मावळत नाहीत. माणसं बाहेर येतात, तर प्रत्येकाच्या दोन दोन सावल्या. मग अक्षरं बारीक होतात तशी भानगड वाढत जाते. म्हणजे ज्याची नजर धड, त्यालाच गोष्टीचा शेवट मिळणार.

थोरली म्हणाली होती, "दोन लेकरांची आई झालीस, अजून उडत्या तबकड्या सुटत नाहीत तुला."

सुटणार कशा? शाळेत असल्यापासूनचं वेड ते. आणि असलं वेड लागलेली आणखी माणसं आसपास असणारच, याची धाकटीला खात्री होती. अडचण ओळखायची होती. कपाळावर लिहिलेलं नसतं. सरळ विचारावं, तर समोरचा म्हणतो, "हो हो, आमचा बंटी बघतो ना ते टीव्हीवर." म्हणून तिने गळ टाकला होता. कार्ड हा गळ.

एका वहीत तिने तीन रकाने आखले होते: वाचलं, थांबले, भांडले. पहिला रकाना भरून वाहत होता. बहुतेक लोक कार्ड बातम्यांसारखं वाचतात. दोन सूर्य काय, दोनशे असते तरी त्यांचा आवाज हलला नसता. थांबलेले चौदा. त्यांतल्या एकाने विचारलं, ही जागा कुठल्या योजनेत येते आणि ताबा कधी मिळतो. बाकीचे बहुतेक म्हणाले, "असं कुठे असतं का?" तिथेच धाकटीची पेन्सिल खाली यायची. कारण आपलं माणूस "असं कुठे असतं का" म्हणत नाही. ते म्हणतं, "असं असेल, तर मग," आणि भांडायला बसतं. तो तिसरा रकाना चार वर्षं कोरा होता.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला पलीकडच्या इस्पितळातल्या औषधवाल्या बाई आल्या. औषधाच्या खिडकीवर तीस वर्षं बसलेल्या. डॉक्टरांचं कसलंही अक्षर लावणाऱ्या म्हणून सगळ्यांना माहीत. हातात वार्षिक तपासणीचा फॉर्म. डावा डोळा, उजवा डोळा, दोन चौकटी, खाली सही.

"लवकर आटप गं," खुर्चीत बसता बसता बाई म्हणाल्या. "खिडकीवर रांग आहे. आणि नीट भर हो. दोन वर्षं राहिलीत माझी. काही वेडंवाकडं लिहिलंस तर खाली गोदामात बसवतील खोकी मोजायला."

धाकटीने त्यांचा डावा डोळा झाकला आणि कार्ड दिलं. बाई वाचू लागल्या. दोन सूर्य झाले, दोन सावल्या झाल्या. "तिसऱ्या दिवशी एका सावलीने हलणं थांबवलं," आणि बाई थांबल्या.

"काय झालं? पुसट दिसतंय?"

"दिसतंय स्वच्छ. पण सूर्य मावळतच नाहीत, तर तिसरा दिवस कुणी मोजला?"

धाकटीच्या हातातली बॅटरी तशीच वर राहिली. चार वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिच्याही नाही.

"यानातल्या घड्याळावर," ती कशीबशी म्हणाली.

"मग तसं लिहायचं की! आणि घड्याळ कुठल्या ग्रहाचं? घरचंच असेल, तर ही माणसं अजून मनाने आलेलीच नाहीत तिथे."

"तुम्ही वाचता?" धाकटीने एवढंच विचारलं.

"तर! असली पुस्तकं गोळ्यांच्या खोक्यांमागे ठेवते. कुणाला सांगू नकोस."

पुढची दहा मिनिटं सावल्यांवर जी जुंपली, ती सांगण्यासारखी नाही. त्यात ना हार होती ना जीत, नुसता आनंद. मग धाकटीने उजवा डोळा झाकला आणि म्हणाली, "आता खालचे दोन परिच्छेद." बाईंनी कार्ड जरा लांब धरलं, जरा तिरकं धरलं आणि न अडखळता म्हटलं, "कप्तानाने सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि सावल्या मोजल्या. एक कमी भरली. ज्याची कमी होती, तो गप्प उभा राहिला."

"वा!" धाकटी म्हणाली आणि दोन्ही चौकटींत "उत्तम" लिहून सही ठोकली.

बाई गेल्या. धाकटीने वही उघडली, तिसऱ्या रकान्यात पहिली खूण केली आणि शेजारी ते वाक्य उतरवून घेतलं.

"काय गं, लॉटरी लागली का?" थोरलीने पार्टिशनवरून डोकावून विचारलं. धाकटीने तिला वाक्य वाचून दाखवलं.

"पण कार्डावर तर 'एक जास्त भरली' आहे," थोरली म्हणाली. "चार वर्षं ऐकतेय पलीकडून, पाठ झालंय मला. आणि तो गप्प उभा राहणारा कुठून आला?"

"तो बाईंनी घातला. छान आहे ना?"

"अगं, तू त्यांना वाचायला दिलं होतंस की लिहायला?"

धाकटीचा चेहरा उतरला. बाईंनी वाचलं नव्हतंच. वरचं उजव्या डोळ्याने वाचून झालं होतं, त्यावरून पुढची गोष्ट त्यांनी रचली होती. असली हजार पुस्तकं पचवलेल्या माणसाला ते अवघड नव्हतं. आणि हाच डोळा घेऊन त्या आता खिडकीवर बसल्या होत्या. तिथे एकाच्या जागी दोन वाचलं, तर कुणाच्या पोटात दोन जातील. चार वर्षांत एक माणूस सापडलं होतं, आणि त्याचाच फॉर्म परत मागायचा होता.

चपला पायात सरकवून ती निघाली.

खिडकीसमोर रांग होती. धाकटी बाजूच्या दाराने आत गेली. "मावशी, तो फॉर्म दिलात का वर?"

"दुपारी देईन. का गं?"

"चुकला माझा. तुम्ही शेवटचं वाचलंत ते कार्डावर नाहीये."

बाई हसल्या. "काहीतरीच. मनाला येईल ते वाचणारी बाई वाटले का मी तुला?"

"उजवा डोळा हाताने झाका आणि खिडकीच्या गजांकडे बघा."

"बाई, आमचं औषध!" रांगेतून आवाज आला.

"थांबा हो जरा." बाईंनी डोळा झाकला. हात काढला. पुन्हा झाकला. हातातलं गोळ्यांचं पाकीट त्यांनी हळूच टेबलावर ठेवलं.

"मधला गज वाकलाय," त्या म्हणाल्या. "आणि त्या माणसाला नाक नाहीये."

"केव्हापासून?"

"कोण जाणे. दोन्ही डोळे उघडे असले की सगळं सरळ." त्यांनी टेबलावरचं पाकीट आणखी लांब सारलं. "नसतीस आलीस, तर मला कळलंच नसतं ना गं?"

"मीच सही केली होती," धाकटी म्हणाली. "गप्पांच्या नादात."

बाईंनी पर्समधून फॉर्म काढला, तिच्या हातात दिला आणि आतल्या सहकाऱ्याला हाक मारली, "खिडकीवर बस. सकाळपासून मी दिलेल्यांची यादी काढ, एकेक पुन्हा बघ." खुर्चीवरून उठताना त्यांनी कठड्यावर हात टेकला, तेवढाच.

डोळ्यांचे डॉक्टर त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसत. थेंब घातले, यंत्रं लावली, अर्धा तास गेला. निदान चटकन झालं: डाव्या डोळ्याच्या पडद्यामागे पाणी झिरपतंय, फार दिवसांचं नाही. इंजेक्शनं उद्यापासून. नजर बरीचशी वाचेल, पण पूर्वीसारखी होईल असं वचन नाही. आणि खिडकी तूर्त बंद.

"म्हणजे खोकी," बाई म्हणाल्या.

"तीन महिने तरी खोकी," डॉक्टर म्हणाले आणि चौकटी आखलेला कागद त्यांच्यासमोर धरला. "मधल्या ठिपक्याकडे बघा. रेषा कशा दिसतात? सरळ की वाकड्या, एवढंच सांगा."

"एवढंच कसं सांगू? मधे एक खळगा आहे. रेषा त्याच्या काठाशी येतात आणि वळसा घालून जातात, आत कुणी उतरत नाही. मी बघीन तिकडे हा खळगा सरकतो. म्हणजे तो कागदावर नाही, माझ्यात आहे. धाकटे, लिहून घे गं, उद्या इंजेक्शननंतर बदलेल."

धाकटीने रद्द झालेला फॉर्म उलटा केला आणि लिहू लागली. फॉर्म परत मागितला म्हणून या बाई आपल्याशी पुन्हा बोलणार नाहीत, असं तिला जिना चढताना वाटलं होतं.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. बाहेर पेशंट खोळंबले होते. त्यांनी कागद खाली ठेवला, मग परत उचलला.

"आणि खळग्याच्या तळाशी?" त्यांनी विचारलं. "काही दिसतं?"

हा प्रश्न डोळ्यांच्या तपासणीतला होता की नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. धाकटीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी उजवा डोळा आणखी घट्ट झाकला आणि कागदावर वाकल्या.

"थांबा हं," त्या म्हणाल्या, "नीट बघून सांगते."