गुरुजी सांगतील तसं

श्रावणात आलेल्या त्या अंतर्देशीय पत्राला हेमकांत गुरुजींनी उत्तर दिलं नव्हतं, आणि आता दारात शांतीबाई उभी होती. शांतीबाई म्हणजे अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यावरची आशाताई, सरकारी आरोग्यसेविका. खांडबाऱ्याला बहिणीकडे आली होती, तिथून वाट वाकडी करून इकडे आली. तिला पाहताच गुरुजी ओशाळले. ‘बस’ म्हणायचंही त्यांना सुचलं नाही.

पत्र तिच्याच पाड्यावरच्या कालीबाईचं होतं. पुतणी रिनाने शाळेच्या वळणदार अक्षरात लिहून दिलेलं. ‘मला मुलगी झाली. सरकारी दवाखान्यात न्यूमोनियाची लस देतात. देऊ की नको? गुरुजी सांगतील तसं करू.’

एवढ्याशा प्रश्नामागे एक गेलेलं बाळ होतं. चार वर्षांपूर्वी एका मोठ्या दवाखान्याने न्यूमोनियाच्या नव्या लसीची चाचणी घेतली. त्यासाठी धडधाकट तान्ही बाळं हवी होती. ज्या आईबापांना वाचता येत नाही, त्यांना कागद समजावताना एक तिऱ्हाईत साक्षीदार लागतो. गुरुजींची उभी नोकरी त्या पाड्यावर गेलेली, भिली बोली चांगली येणारी; म्हणून त्यांना बोलावलं. काही बाळांना नवी लस, काहींना पूर्वीपासूनची; कोणाला कोणती हे आईबापांना कळणार नाही, कधीही नको म्हणता येईल, असं सगळं त्यांनी सांगितलं. संमतीची नोंद म्हणून कॅमेरा चालू होता. कालीबाईने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “गुरुजी, तुझं पोर असतं तर?”

“दिली असती,” गुरुजी म्हणाले. तेव्हा तिने अंगठा दिला.

दोन डोस झाले आणि ती नवरा गुलाबसिंगबरोबर बाळाला घेऊन ऊसतोडीला गुजरातेत गेली. तिथे उलटी-जुलाबाने बाळ गेलं. चौकशी झाली. लसीचा संबंध नाही, असं ठरलं. गुरुजींना ते पटलंही होतं. पण आपल्याला पटणं निराळं आणि त्या आईला लिहिणं निराळं. तिच्या दुसऱ्या लेकराबद्दल पुन्हा शब्द द्यायचा, तो कोणत्या तोंडाने? त्यांनी लसीवरच्या पुस्तिका मागवल्या, पेन्सिलीने खुणा केल्या, उत्तराचा मजकूर लिहिला, खोडला, फाडला.

“पत्तर लिखी ऱ्हायनात का पोथी?” त्यांच्या पत्नी मीनाबाई केर काढताना म्हणायच्या. “घरभर कागदच कागद!”

शांतीबाई आपणच ओट्यावर बसली.

“काली वाट बघून थकली, गुरुजी. टपालवाला दिसला की धावायची. मग म्हणाली, गुरुजी खोटं बोलत नाय. चांगली असती तर चांगली लिहिली असती. बोलत नाय, म्हणजे नकोच म्हणतो.”

“मी नको कधी म्हटलं?”

“हो तरी कधी म्हटला?”

आत मीनाबाईंचा भांड्यांचा आवाज थांबला.

“मग... दिली नाही?”

“नाय दिली. मी लय डोकं फोडलं. तर मलाच म्हणते, तू सरकारची बाई, तू सांगणारच. दिवाळी झाली, टोळी गेली उसाला. पोरगी पण गेली पाठीवर.”

“फोन?”

“त्यांचा बंद. मुकादमाचा पण लागत नाय. आता होळीलाच दिसतील.”

गुरुजींच्या डोळ्यांपुढे उसाचा फड आला. पहाटेची थंडी, पेटलेल्या पाचटाचा धूर, आणि प्लास्टिकच्या पालात चिंधीत गुंडाळलेली, त्यांनी अजून न पाहिलेली मुलगी.

“पाड्यावर आणखी बायका आहेत,” शांतीबाई म्हणाली. “त्या पण कालीकडे बघून बसल्या. तुझं नाव घेऊन सांगू का? आता तरी बोल. पुस्तकात नको बघू.”

गुरुजींचा हात सवयीने पुस्तिकेकडे गेलाच होता. तो त्यांनी मागे घेतला.

“सांग. माझं नाव घेऊन सांग. लस चांगली आहे. आणि त्या मुकादमाला...”

“त्याला फोन करतेच आहे मी रोज. तू च्या पाज आधी.”

ती गेल्यावर ते लिहायला बसले. या वेळी काही खोडलं नाही.

‘काली, मुलीला लस दे. जिथे असशील तिथल्या सरकारी दवाखान्यात मिळेल. पहिलं बाळ लसीने गेलं नाही. माझी नात असती तर मी तिला दिली असती. हे मी श्रावणातच लिहायला हवं होतं.’

मीनाबाईंनी खांद्यावरून वाचलं. “इतलंच?” त्या म्हणाल्या. मग टोपी आणून दिली.

स्टेशनकडच्या टपालपेटीपाशी गुरुजी थोडा वेळ उभे राहिले. दुसरा पत्ता नव्हता; पत्र पाड्यावरच पोचेल. घर बंद असेल, दाराला बोराटीची फांदी लावलेली असेल. पोस्टमन हाक मारील, मग पत्र कुडाच्या भिंतीत खोचून निघून जाईल. होळीपर्यंत ते तिथेच वाऱ्याला फडफडत राहील.

त्यांनी पत्ता पुन्हा एकदा वाचला. बरोबर होता. मग पत्र पेटीत सोडलं.