दोनदा घेतलेलं माप

डॉक्टर आणि शिंपी यांच्यापुढे माणसाने पोट आत ओढू नये, असं मास्तर गिऱ्हाइकांना बजावायचे. नाहीतर औषध चुकतं किंवा कपडा चुकतो, आणि खापर फुटतं दोघांच्याच डोक्यावर. म्हणून त्यांच्या दुकानात एक नियम होता: माप दोनदा, कात्री एकदा. गिऱ्हाईक घाईत असो की घरचं असो, टेप दोनदा फिरायचा. एकदा एक जाडजूड ठेकेदार वैतागून म्हणाला, "मास्तर, एवढ्यात मी वाढलो नाही हो!" मास्तर तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणाले, "तुमचा काही भरवसा नाही."

दुकान खाली आणि राहायच्या दोन खोल्या वर. मधे तेरा पायऱ्यांचा लाकडी जिना. वर मास्तरांची बायको. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे, आणि तिने जन्मात कधी सुईत दोरा ओवला नव्हता. तिचं काम एकच, निदान मास्तर चेष्टेत तसं म्हणायचे: वरून हाका मारायच्या. अहो, बरणीचं झाकण निघत नाहीये. अहो, झुरळ! अहो, खिडकीत या, समोरच्यांनी केवढं कपाट आणलंय बघा. पस्तीस वर्षं दिवसातून दहा वेळा ते जिना चढले. पैकी आठ वेळा काहीच नसायचं. एवढं लक्षात ठेवलं तर त्या दुपारी जे झालं ते नीट कळेल. ते माफ करायचं की नाही, हा निराळा प्रश्न.

त्या दुपारी मास्तर बँडवाल्यांचे बारा कोट शिवत होते. सात वाजता न्यायला येणार होते. अकरा कोट झाले होते आणि बाराव्याची डावी बाही लावायची होती. साडेतीनला वरून हाक आली, "अहो, जरा वर या." मास्तर म्हणाले, "आलो आलो," आणि बाही पुढे सरकवली. थोड्या वेळाने पुन्हा हाक आली. ते ओरडले, "अगं, हात गुंतलाय माझा!" तिसरी हाक आली ती बारीक होती. ती त्यांनी ऐकली. ऐकली आणि मशीनच्या पायडलवर पाय जोरात दाबला, म्हणजे पुन्हा ऐकू येऊ नये.

बाही झाली, काजं झाली, बटणं झाली. साडेचारला ते वर गेले. ती पलंगाच्या कडेला भिंतीला टेकून बसली होती, दाराकडे पाठ. अंगात तिचा राखाडी कोट होता, त्यांनीच शिवलेला. एक हात बाहीत गेलेला आणि दुसरी बाही तशीच लोंबत राहिलेली. दवाखान्यात जायला निघाली होती बिचारी, एकटीच.

मास्तरांनी कोट काढला, घडी करून ट्रंकेत ठेवला. तिला आडवी केली, उशीवर मान ठेवली, अंगावर चादर घातली. मग ते पोस्टात लेकीला सांगायला गेले. लेक एकुलती एक, पोस्टाच्या खिडकीवर बसायची आणि दोन गल्ल्यांपलीकडे नवऱ्याबरोबर राहायची. तिला ते अजून ठमी म्हणत, तिशी उलटली तरी. घरी येऊन ठमीने आईचा हात धरून एकच विचारलं.

"हाक मारली का हो बाबा तिने?"

"नाही गं. दुपारी डोळा लागला, तो लागलाच. झोपेतच गेली."

"मग बरं," ठमी म्हणाली, आणि तेव्हा कुठे रडली.

त्यानंतर महिन्याभराने स्वप्न सुरू झालं. एकच स्वप्न, पहाटे पडायचं, नाहीतर दुपारच्या डुलकीत. वरून हाक यायची. मास्तर उठायचे, जिना चढायचे, आणि पायऱ्या संपायच्या नाहीत. तेरावी झाली की चौदावी, मग पंधरावी, साठावी. प्रत्येक पायरीवर एकेक बाही पडलेली, ती शिवल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. वर हाक बारीक होत जायची. ते घामाने चिंब होऊन जागे व्हायचे आणि उठल्याउठल्या जिन्याकडे धावायचे. दोनदा पडले. एकदा पाय मुरगळला, तेव्हा गिऱ्हाइकांना सांगितलं, साबणावरून घसरलो. खोटं बोलायची एकदा सवय झाली की साबणसुद्धा सुटत नाही.

दोन वर्षं असं चाललं. मग एक नर्सबाई गणवेश शिवायला आल्या. मास्तरांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून त्यांनी विचारलं आणि मास्तरांनी स्वप्नाचं सांगितलं. हाकेचं तेवढं गाळलं.

"स्वप्नात असताना हे स्वप्न आहे असं ओळखता येतं, मास्तर," नर्सबाई म्हणाल्या. "शिकावं लागतं. दिवसा उठता-बसता एखादा आकडा बघायचा, नजर काढायची, पुन्हा बघायचा. जागेपणी तोच राहतो. स्वप्नात बदलतो. दिवसा सवय लागली की हात झोपेतही तेच करतो."

"आणि ओळखलं की?"

"की मग घाबरायचं कारण नाही. तळवे एकमेकांवर घासायचे, म्हणजे जाग येत नाही. आणि जे करायचं राहिलंय ते करायचं."

त्यांनी हे सहज सांगितलं. मास्तरांच्या मात्र काळजात ते रुतून बसलं. आकडे बघायला त्यांना कुठे जायला नको होतं, गळ्यातच टेप होता. त्या दिवसापासून ते दिवसातून वीसदा आपलाच हात मोजायला लागले, कोपरापासून मनगटापर्यंत. साडेदहा. पुन्हा साडेदहा. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायची. म्हाताऱ्याचा एक टाका सैल झाला, असं समोरचा चपलावाला म्हणालासुद्धा.

दीड महिन्याने, पहाटे, जिन्याच्या विसाव्या पायरीवर मास्तरांनी हात मोजला. साडेदहा. पुन्हा मोजला. एकेचाळीस. तिसऱ्यांदा बघितलं तर टेपवर आकडेच नव्हते, नुसती पिवळी पट्टी. मास्तरांना हसू फुटलं आणि त्या हसण्यानेच जाग आली. पण त्या दिवशी ते जिन्याकडे धावले नाहीत. अंथरुणात बसून राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "उद्या येतो गं."

पुढच्या खेपांना ते शहाणे झाले. आकडा बदलला की तळवे घासायचे, बाह्या ओलांडून चढायचे. पायऱ्या मुकाट तेरावर थांबायच्या. दार ढकललं की ती दिसायची, पलंगाच्या कडेला, राखाडी कोटात, पाठमोरी. मास्तरांना तिचं तोंड बघायचं होतं. तिला एकदा सांगायचं होतं की मी ऐकलं होतं, चुकलो, आणि ती जे काय म्हणेल ते ऐकायचं होतं. शिवी दिली असती तरी त्यांनी झेलली असती. पण ती वळायची नाही. ते समोर जायला बघायचे तर पलंग फिरायचा, पाठच पुढे यायची. बोलायला तोंड उघडलं की तोंडात टाचण्या असायच्या. किती ओंजळी काढल्या तरी टाचण्याच. मास्तर जागे व्हायचे ते रडतच.

असं वर्ष गेलं. मग एका रविवारी सकाळी ठमी आली. जेवणं झाली. मास्तर खुर्चीत पेंगत होते. ठमी मागच्या खोलीत ट्रंक उघडून काहीतरी शोधत होती. सकाळीच म्हणाली होती, "बाबा, आईचा राखाडी कोट मला बसवून द्या ना. थंडी सुरू झाली. आणि तिची काहीच वस्तू नाही माझ्याकडे." मास्तर "बघू" म्हणाले होते. तीन वर्षं ते बघूच म्हणत होते. पण लेकही त्यांचीच, विचारत बसली नाही.

मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा ती खिडकीपाशी उभी होती. अंगात कोट, दाराकडे पाठ. बांधा आईचाच, मानेवरचे केसही तसेच.

"मोजा," ती म्हणाली.

मास्तर उठले. छातीभोवती टेप फिरवला. छत्तीस. सवयीने पुन्हा फिरवला. साडेसदतीस.

मास्तर थबकले. आकडा बदलला होता.

ठमीने मधल्यामधे एक मोठा श्वास घेतला होता, इतकंच. कोटाच्या कॉलरला अजून आईच्या तेलाचा वास होता, आणि हुंदका आवरायला तिने श्वास आत ओढून धरला होता. दुसरा कुठला शिंपी असता तर म्हणाला असता, बाई, श्वास सोडा. मास्तरांनी टेप खाली टाकला आणि तळवे एकमेकांवर घासले. मग तोंड उघडलं. टाचण्या नव्हत्या. त्यांना केवढा आनंद झाला.

"ऐक," ते म्हणाले. "वळू नकोस, पण ऐक. मी ऐकलं होतं. तिन्ही वेळा ऐकलं होतं. तिसऱ्या हाकेला मी मशीन जोरात चालवली, तुझा आवाज येऊ नये म्हणून. एका बाहीसाठी, गं. तू एकटी कोट चढवत बसलीस आणि मी खाली काजं करत होतो. पोरीला सांगितलं झोपेत गेली. झोपेत नाही गेलीस तू. मला माहीत आहे. एकदा तोंड दाखव, बाई."

आणि ती वळली.

स्वप्नात कधी वळली नव्हती. मास्तर त्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना आधी ते बायकोचं तरुणपणचं वाटलं, मग नाकावरचा तीळ दिसला. तीळ ठमीचा होता. त्यांनी खाली वाकून टेप उचलला आणि घाईघाईने आपला हात मोजला. साडेदहा. पुन्हा मोजला. साडेदहा. पुन्हा. साडेदहा.

"म्हणजे हाक मारली होती तिने?" ठमीने विचारलं.

"तीनदा."

ठमीने कोट काढला. खुर्चीच्या पाठीवर नीट ठेवला, खांदे जुळवून, शिंप्याच्या घरात वाढलेली मुलगी ठेवते तसा. "मी तीन वर्षं त्या एका वाक्यावर झोपतेय, बाबा," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली. तिच्या पावलांचा आवाज मास्तरांनी मोजला. तेराच पायऱ्या होत्या.

त्या आठवड्यात मास्तरांना स्वप्न पडलं नाही. एकही नाही. अंथरुणाला पाठ टेकली की थेट सकाळ व्हायची. तीन वर्षं जी झोप मागितली ती मिळाली, आणि त्यांना ती चोरीच्या मालासारखी वाटायला लागली. हात मोजणं त्यांनी सोडून दिलं. कोट मात्र उसवला, कुशीच्या शिवणी आत घेतल्या, अस्तर बदललं. माप छत्तीसचंच धरलं.

शनिवारी ठमी पोस्टातून सरळ आली. डोळे सुजलेले, ओठ सुकलेले. मास्तरांना विचारायची गरज पडली नाही. ते तोंड त्यांनी आरशात रोज बघितलं होतं.

"मला पडतंय ते आता," ती स्टुलावर बसत म्हणाली. "मी वरच्या खोलीत आहे, आईजवळ. ती कोट घालतेय आणि तिला बाही सापडत नाहीये. मी खाली तुम्हाला ओरडून सांगतेय. जिन्यातून तुमचं डोकं दिसतं. तुम्ही मान वर करत नाही."

मास्तरांनी मशीनवरचा हात काढून घेतला. त्यांच्या मनात पहिलं आलं ते हेच, की हे मला परत दे. माझं आहे ते. पण कपडा दुसऱ्याच्या अंगावरून काढून परत घेता येतो, हे तसं नव्हतं. देताना मात्र त्यांनीच दिलं होतं.

त्यांनी गळ्यातला टेप काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "हात मोजायचा. कोपरापासून मनगटापर्यंत, दोनदा. दिवसा सारखा मोजत राहा, लोक हसले तरी. आकडा बदलला की समजायचं, स्वप्न आहे. मग तळवे घासायचे, म्हणजे जाग येत नाही."

"आणि मग?"

"मग तिच्याजवळ जायचं."

"तुम्ही गेलात?"

"गेलो. पुष्कळदा."

"काय म्हणाली?"

मास्तरांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. रागावली नाही म्हणाली. ठमीला सांभाळा म्हणाली. असं एखादं वाक्य, ज्यावर पोरगी आणखी तीन वर्षं झोपली असती. त्यांनी ते गिळलं.

"काही नाही म्हणाली. पाठ करून बसते. माझ्याकडे वळत नाही."

ठमी बराच वेळ टेप बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. मग तिने कोपरापासून मनगटापर्यंत हात मोजला, पुन्हा मोजला, आणि टेप पर्समध्ये टाकला. कोट अंगात घातला. दुसऱ्या बाहीत हात जाईना तेव्हा मास्तर पुढे झाले आणि बाही धरली.

"तुझ्याकडे वळेल ती," ते म्हणाले. "स्वप्नात तू वरच असतेस. तिला एक विचारशील? म्हणावं, बाबा खाली जिन्याशी उभे आहेत. वर येऊ का विचारतायत."

ठमीने बटणं लावली, सगळी, वरपासून खालपर्यंत.

"विचारीन," ती म्हणाली. "पण आधी तिचा हात बाहीत घालीन."