डोमकळीवरची काट

मी सबीहा. नांदुऱ्याजवळच्या खेड्यात राहते आणि मला राग लवकर येतो. तसा तो लवकर जातोही, पण हा काही गेलेला नाही.

मी लिनक्स या मोफत संगणक प्रणालीसाठी पॅकेजं बांधते. कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम घ्यायचा, तो कुठल्याही संगणकावर सरळ बसेल असा रचायचा आणि तपासणीला पाठवायचा. तपासणारा कुठल्यातरी दुसऱ्या गावचा, माझ्यासारखाच फुकट राबणारा. त्याने होकार दिला की पॅकेज सगळ्यांना मिळतं. या वेळचा प्रोग्राम बोंडअळीवर सल्ला देणारा होता. आमच्याकडच्या गावोगावच्या सेवा केंद्रांत लिनक्सच आहे, तिथून शेतकऱ्याला सल्ल्याचा कागद छापून मिळणार होता. त्यातलं मराठी माझं.

आदल्या वर्षी गुलाबी अळीने आमची कपाशीची उभी पऱ्हाटी नासवली. बीटी कपाशीला अळी लागत नाही, असं सांगून बियाणं विकणाऱ्या दुकानदारानेच नंतर अळीचं औषधही विकलं आणि माझे अब्बा ते फवारून फवारून आजारी पडले. खरं तर अळी सुरुवातीलाच धरता येते, पण त्यासाठी डोमकळी ओळखावी लागते. डोमकळी म्हणजे न उमलता गुंडाळून बसलेलं फूल. आत अळी असते. म्हणून मी कागदावर लिहिलं, ‘डोमकळ्या तोडून जाळा.’

तपासणाऱ्याने बाकी सगळं पास केलं आणि नेमका हाच शब्द कापला. शेरा असा: ‘ग्रामीण शब्द. प्रमाण मराठीत कळ्या लिहावे.’ खाली सही, डी. आर., पुणे.

कळ्या तोडून जाळा म्हणे. कळ्याच जाळल्या तर बोंडं काय आभाळातून लागणार? मी आधी नीट समजावून लिहिलं. उत्तर आलं, शब्द शब्दकोशात नाही. माझं डोकं फिरलं. लिनक्सच्या नव्या आवृत्तीत भर घालायची मुदत संपत आली होती. शब्द बदलला नाही तर पॅकेज बाहेर राहणार आणि हंगाम हातचा जाणार. बदलला तर लोक तो कागद वाचून खो खो हसणार आणि परत त्याच दुकानदाराच्या दारात उभे राहणार. पुण्यात बसून शेती शिकवू नका, असं मी तपासणीच्या पानावरच सगळ्यांसमोर लिहून टाकलं.

त्यावर त्याने फोन नंबर पाठवला, बोलून मिटवू म्हणाला. मी लगेच लावला. बोलणं एकदम स्वच्छ, बातम्या वाचावं तसं. भाषेची एकसूत्रता, वाचकाची सोय, बरंच काही त्याने सांगितलं. मी मध्येच तोडून विचारलं, जन्मात कधी पऱ्हाटी पाहिली आहे का? तेव्हा मात्र त्याचाही तोल गेला.

“मले नका शिकवू, ताई,” तो म्हणाला. “माही माय डोमकळ्या तोडून आणे न चुलीत जाळे. बीटी तं त्याच्या लय मांगून आली.”

हा डी. आर. म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला, मेहकरजवळच्या हिवरा आश्रमाकडचा दयाराम निघाला. माझ्या अंगाची आगआग झाली. माहीत नसताना कापलं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं.

“मंग शब्द काऊन कापला तुम्ही?”

“इथं असं बोललं की हसतात,” तो म्हणाला.

“हसू द्या. त्यांच्या हसण्यापायी माह्या अब्बाची पऱ्हाटी जाऊ द्याची काय?”

बघतो, म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पॅकेज पास झालं, डोमकळीसकट. शेरा होता: ‘स्थानिक शेतकऱ्यांकडे चौकशी केली. शब्द योग्य आहे.’ तो वाचून मी इतकी चिडले की अब्बा खाटेवरून उठून बघायला आले. मी त्यांना शेरा वाचून दाखवला. ते खूश झाले.

“भला माणूस दिसते,” ते म्हणाले. “पुण्याचा असून शेतकऱ्याले इच्यारलं त्यानं.”

“पुण्याचा नाही अब्बा. मेहकराकडचा हाय. शेतकऱ्याचाच पोरगा.”

अब्बांनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मंग त्याले इच्याराची गरज काऊन पडली?”