दाराला रंग लावू नये

बँकेने आमच्या केंद्राला आजवर काय काय दिलं, ते आधी सांगते. पाण्याचा कूलर दिला, दोन भिंतीवरची घड्याळं दिली, एक टीव्ही दिला आणि खुर्च्या दिल्या. खुर्च्या तर तीन वर्षांत तीनदा. केंद्रात रोज येणारी माणसं सतरा आणि खुर्च्या एकोणचाळीस. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर बँकेच्या नावाची पट्टी ठोकलेली आहे, आणि ती बरोबर पाठीच्या मणक्याला टोचते. आमच्यापैकी कुणीही त्या खुर्च्यांवर टेकून बसत नाही.

मी मागितलं होतं एक माणूस. एक धडधाकट बाई, जिला म्हाताऱ्या माणसाला न लाजवता बाथरूमला नेता येतं. तिचा पगार एवढंच माझं मागणं, आणि ते सलग तीन वर्षं मी त्याच फॉर्मवर, त्याच रकान्यात, त्याच अक्षरात लिहीत आले.

केंद्र म्हणजे काय, तर एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाचा लांबलचक हॉल. सकाळी आठला माणसं येतात, संध्याकाळी पाचला घरची मंडळी त्यांना घेऊन जातात. सगळ्यांना विसरण्याचा आजार. लोक लाडाने विसरभोळे म्हणतात, ते मला अजिबात खपत नाही. ज्या माणसाला आपली बायको कोण हे आठवत नाही तो भोळा नसतो, घाबरलेला असतो. मी छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, म्हणून सगळे मला बाई म्हणतात. माझ्या मदतीला एकच मावशी आहेत. त्यांना मदतीला म्हणणंही चुकीचंच, कारण काम त्याच करतात आणि मी फॉर्म भरते.

सतरा जणांना एक मावशी, म्हणून मला एक नियम करावा लागला. स्वतःच्या पायांनी बाथरूमला जाऊन येतो, त्यालाच प्रवेश. हा नियम सांगून मी आजवर सहा घरांना परत पाठवलंय. एका पोस्टमनची मुलगी तर दारातच रडली. मी तिला पाणी दिलं आणि नियम पुन्हा सांगितला.

आमचा दादाही तिथेच येतो. माझा सख्खा मोठा भाऊ. आयुष्यभर दुकानादुकानांतून वजनकाटे दुरुस्त करत फिरला. काट्यात गुंजभर फरक असला तरी जेवायचा नाही. शर्ट कायम खोचलेला, पँटला इस्त्री. आता त्याला वजन म्हणजे काय हे सांगता येत नाही, पण शर्ट अजून खोचतो. वहिनी लॉंड्रीत कामाला जाते, आठ ते पाच. तिच्या पगारावर घर चालतं. दादा केंद्रात बसतो म्हणून ती कामावर उभी राहू शकते, इतकं सरळ गणित आहे.

आणि दादा बाथरूमला स्वतः जायचा. हे त्याला आम्ही शिकवलं होतं, नियम व्हायच्या आधीच. हॉलच्या टोकाला तीन दारं आहेत ओळीने: कोठीचं, स्वयंपाकघराचं आणि बाथरूमचं. पाटीवरची अक्षरं या लोकांना वाचता येतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही. इस्पितळातल्या एका नर्सने सांगितलं, अक्षरं सोडा, रंग वापरा. मी बाथरूमचं दार झेंडूसारखं पिवळंधमक करून टाकलं. मग दोन महिने मावशींचा एकच पाठ. दर तासाने दादाच्या शेजारी जाऊन हळूच म्हणायचं, "दादा, पिवळं दार." आधी हात धरून, मग मागून, मग नुसतं बसल्या जागेवरून. एक दिवस तो आपला आपण उठला, गेला, आला, हात पुसले आणि बसला. मावशी आणि मी स्वयंपाकघरात जाऊन एकमेकींना मिठी मारली. बाकी सगळं गेलं होतं त्याचं, हे एक परत आणलं होतं आम्ही.

आता बँकेकडे वळते. तिथे समाजनिधीचं काम बघणाऱ्या मॅडम आहेत, आम्ही आपसात त्यांना निधीबाई म्हणतो. स्वभावाने वाईट नाहीत, हीच खरी अडचण आहे. वाईट असत्या तर भांडून मोकळी झाले असते.

"बाई, तुमची तळमळ पोचते हो आमच्यापर्यंत," त्या यंदा म्हणाल्या. "पण पगार म्हणजे आवर्ती खर्च. समितीला काहीतरी टिकाऊ लागतं. दिसेल असं."

"मावशी दिसतात की. चांगल्या उंच आहेत."

त्या हसल्या. मी हसवायला बोलले नव्हते. "यंदा आपण वेगळं करतोय," त्या म्हणाल्या, "आमचे बत्तीस कर्मचारी स्वतः येणार आणि तुमचं केंद्र रंगवून देणार. श्रमदान! तुम्हाला एक पैचा खर्च नाही."

नको म्हणायला माझी जीभ रेटली नाही. नको म्हटलं असतं तर पुढच्या वर्षी दारात उभं केलं नसतं. मी फक्त एवढंच सांगितलं, भिंती हव्या तशा रंगवा, बाथरूमच्या दाराला हात लावू नका. का, तेही सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. माझा वहीवर विश्वास नव्हता, म्हणून मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'या दाराला रंग लावू नये', आणि कागद दारावर चिकटवला.

सुट्टीच्या दिवशी बत्तीस जण आले. एकसारखे निळे टीशर्ट, डोक्यावर कागदी टोप्या, हातात रोलर. बिचारे मनापासून राबले, हे खोटं कशाला सांगू? कॅशिअर शिडीवर चढला होता. दुपारी निधीबाईंनी मला बाहेर अंगणात नेलं. तिथे दाराएवढ्या पुठ्ठ्याचा एक चेक तयार होता, आणि त्यावर बत्तीस माणसांच्या एका दिवसाच्या श्रमाचं मूल्य लिहिलं होतं. तो आकडा मी आयुष्यात विसरणार नाही. मावशींसारख्या बाईचा तेवढ्यात वर्षभराचा पगार निघाला असता. मोठे साहेब एका बाजूला, मी एका बाजूला, मधे पुठ्ठा. फोटोवाला म्हणत होता, "बाई, जरा हसा ना." वीस मिनिटं मी हसत होते.

आत आले तर तिन्ही दारं निळी. बँकेचा निळा.

बाथरूमच्या दारावर माझा कागद होता. अगदी सरळ रेषेत, चारी कोपऱ्यांना नवी टेप लावून. एक हसतमुख कारकून पुढे आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचा कागद खराब होऊ नये म्हणून आधी काळजीपूर्वक काढला. रंग वाळल्यावर परत लावला."

मला वाटलं मी याला मारेन. मी म्हणाले, "छान केलंत."

सोमवारी दादा उठला आणि तीन निळ्या दारांसमोर उभा राहिला. बराच वेळ. मग कोठीत गेला. मावशी धावल्या तोवर तांदळाच्या डब्यांपाशी व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याच दिवशी आणखी दोघांचं तसंच झालं. मी तडक बाजारात गेले, पिवळ्या रंगाचा डबा आणला आणि संध्याकाळी पदर खोचून स्वतः दार रंगवलं. त्या दोघांचं आठवड्यात ताळ्यावर आलं. दादाचं नाही आलं. पिवळं दार आता त्याला कुणीतरी परकं असल्यासारखं वाटायचं. मावशी म्हणायच्या, "दादा, पिवळं दार," आणि तो मान हलवून म्हणायचा, "हो, छान आहे," आणि बसून राहायचा. पंधरा दिवस, तीन आठवडे. रोज दोन पँटी धुवायला. वहिनी रोज सकाळी पिशवीत तीन पँटी घालून द्यायची. इस्त्री केलेल्या.

मधे निधीबाई 'नंतरचे' फोटो काढायला येऊन गेल्या. पिवळं दार पाहून त्यांचा चेहरा पडला. "अहो, पुन्हा रंगवलंत? निदान वर्षभर तरी ठेवायचं होतं. समितीला काय दाखवू?"

"माझा भाऊ दाखवा," मी म्हणाले. त्यांना वाटलं मी चिडले आहे. बरोबरच वाटलं.

नियम माझाच होता. माझ्याच अक्षरात भिंतीवर लावलेला. नियमाप्रमाणे दादाला आता घरी पाठवायला हवं होतं, आणि मग वहिनीची नोकरी गेली. ठेवून घेतलं, तर त्या पोस्टमनच्या मुलीला मी कोणत्या तोंडाने परत पाठवलं होतं? मावशी एक दिवस भांडी घासता घासता म्हणाल्या, "बाई, तुमचा भाऊ आहे म्हणून मी करतेय. पण माझी कंबर एकच आहे हो." त्यांनी तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं. त्या नुसतं सांगत होत्या.

मग मी जे केलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

चौथ्यांदा फॉर्म भरला आणि तो द्यायला बँकेत गेले. दादाला बरोबर घेतलं. निघण्यापूर्वी त्याला दोन मोठे कप चहा पाजला. बाथरूमला नेलं नाही. पिशवीत दुसरी पँट घेतली नाही. चुकून नव्हे, ठरवून. माझ्या भूगोलाच्या मुलांना मी म्हणायचे, नकाशा कितीही रंगवा, जागेवर गेल्याशिवाय प्रदेश कळत नाही. म्हटलं, यांना जागेवर नेऊन दाखवू या.

बँकेत गर्दी होती. टोकन घेतलं, बसलो. अर्धा तास गेला. दादा चुळबुळ करायला लागला. मी समोर बघत राहिले. तो उठला. आधी लॉकरच्या दाराची मूठ फिरवली, कुलूप होतं. मग मोठ्या साहेबांच्या केबिनचं दार ढकललं, आतून कुणीतरी "काय हवंय?" म्हणालं, तसा "माफ करा" म्हणून मागे सरला. मग एक कपाट उघडायला गेला. सगळी दारं निळी. चौथं दार सापडेना म्हणून तो हॉलच्या मधोमध उभा राहिला, दोन्ही हातांनी शर्ट नीट खोचला, आणि तिथेच झालं.

रांगेतली माणसं मागे हटली. एका मुलीने नाकावर हात धरला. निधीबाई टेबलामागून धावत आल्या. "अहो, कुणाचे आहेत हे? बघा ना कुणीतरी!" मग मला पाहिलं आणि जागच्या जागी थबकल्या. "बाई! तुम्ही बसून काय राहिलात?"

वाक्य मी वाटेतच तयार करून आणलं होतं. "माझ्याकडे एकच बाई आहे मॅडम, आणि ती केंद्रावर सोळा जणांना सांभाळतेय."

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी शिपायाला हाक मारली, फडकं मागवलं, मग ते त्याच्या हातून घेऊन स्वतः खाली वाकल्या. उठल्यावर माझ्या हातातला फॉर्म घेतला. डोळ्यांत पाणी होतं. "द्या तो. समितीपुढे मी स्वतः मांडते. कसं नाही होत ते बघते."

तीन वर्षं ज्याच्यासाठी हेलपाटे घातले, ते पंधरा मिनिटांत झालं. मला आनंद व्हायला हवा होता. मी दादाजवळ गेले.

तो खाली पँटकडे बघत होता. इस्त्रीची घडी मांडीपर्यंत भिजली होती. मग त्याने मान वर करून सगळीकडे पाहिलं, बघणाऱ्या एकेका माणसाकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे. दोनेक महिने तो मला अहो-जाहो करत होता, परक्या बाईशी बोलावं तसं. आज त्याने मला ओळखलं. कुठल्याही दिवशी ओळखायचं, ते नेमकं आज.

"अगं छोटे," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, "मला आधी नेऊन आणायचं नाहीस का?"



"विसरले रे दादा," मी म्हणाले.

त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे," तो म्हणाला. "होतं असं कधीकधी. तू मनाला लावून घेऊ नकोस."